सहा मिलिमीटरचं प्लाय आणि चारशे किलोचा ताण: घरी बांधायची शिडाची कॅटामरान

दोन अरुंद होड्या शेजारी ठेवायच्या, त्यांच्यावर दोन नळ्या आडव्या बांधायच्या, मध्ये जाळी ताणायची आणि डोलकाठी उभी करायची. छोटी कॅटामरान इतक्या थोडक्यात सांगता येते, म्हणून ती सोपी वाटते. आराखडा पहिल्यांदा बघणारा मात्र एकाच आकड्याशी अडखळतो: ६ मिलिमीटर प्लायवुड. एवढ्या पातळ लाकडावर समुद्रात जायचं?

नीट बांधलेल्या अशा होडीत प्लायचा पत्रा फाटण्याची वेळ क्वचितच येते. ती मोडते तुळई, म्हणजे आडवी नळी, जिथे होडीवर बसते तिथे, डोलकाठीला धरणारी तार जिथे अडकवलेली असते तिथे आणि डोलकाठीच्या पायाशी. असं का होतं ते एकदा कळलं, की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे बहुतेक आपोआप ठरतं.

हिशेबासाठी एक नमुना धरू. लांबी ५ मीटर. होडीच्या पाण्यात बसणाऱ्या पोकळ अंगाला हल म्हणतात. दोन हलच्या मध्यरेषांमधलं अंतर २.२ मीटर. रिकामं वजन १६० किलो, शीड १४ चौरस मीटर, वर ७० किलोची दोन माणसं. हा कुणाचा विशिष्ट आराखडा नाही, पण या मापाच्या होड्यांच्या आकड्यांशी जुळणारा आहे.

## तोल कुठून येतो

एका हलच्या शिडाच्या होडीत तळाशी वजन असतं. वारा वाढला की ती कलते, कलली की शीडही आडवं होत जातं आणि वारा वरून निसटतो. म्हणजे जोर वाढला की ती थोडी माघार घेते. कॅटामरानला तळाशी वजन नसतं. तिचा सगळा तोल रुंदीतून येतो, आणि ती जवळजवळ कलतच नाही. धावत्या बसमध्ये पाय फाकवून उभं राहिलं की तोल जात नाही, पण प्रत्येक हिसका गुडघ्यात बसतो. इथे गुडघ्याचं काम तारा आणि तुळया करतात.

आता आकडे. वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटू लागतो त्या क्षणी सगळा भार पलीकडच्या हलवर आलेला असतो. होडीचं वजन त्या हलपासून १.१ मीटरवर आणि वाऱ्याकडच्या हलवर बसलेली माणसं २.२ मीटरवर. १६० गुणिले १.१ म्हणजे १७६, १४० गुणिले २.२ म्हणजे ३०८. एकूण ४८४ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर; अंतराचा किलोमीटर नव्हे). होडी उलटवू पाहणाऱ्या वाऱ्याला याहून जास्त आवर्तबळ लावता आलं की ती उलटणार. शिडावरच्या जोराचा मध्य पाण्याखालच्या आधारापासून साडेतीन मीटर उंच धरला, तर १३८ किलोचा आडवा जोर पुरे. पूर्ण उघडलेल्या १४ चौरस मीटर शिडावर हा जोर होडीवर जाणवणारा वारा वीस-बावीस नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) झाला की येतो. एकच माणूस असेल तर सतरा-अठरा नॉटलाच.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. दहा नॉटचा वीस झाला तर जोर चौपट होतो. एका हलची होडी कलून त्याची सूचना देते. कॅटामरान हल उचलेपर्यंत सपाट राहते, वेग चढत जातो आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. म्हणून शीड आखडायचं ते ‘आता जास्त वाटतंय’ म्हणून नव्हे, वारा मोजून. वर काढलेल्या मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे, दोघांसाठी पंधरा नॉटला, शिडाचा खालचा पहिला पट्टा गुंडाळून बांधावा.

वेगाचं कारण हलच्या सडपातळपणात आहे. नेहमीच्या रुंद होडीला स्वतः उठवलेली लाट अडवते. ५ मीटर लांबीला ही अडवणूक साधारण साडेपाच नॉटला जाणवू लागते. हलची लांबी पाण्यातल्या रुंदीच्या दहा-बारा पट असली की ती लाट इतकी लहान होते की हा अडथळा फारसा उरत नाही. हे जुनंच ज्ञान आहे. १८७६ साली नॅथॅनिएल हेरेशॉफ यांची अमॅरिलिस ही कॅटामरान न्यूयॉर्कच्या शर्यतीत इतकी पुढे निघून गेली की नंतर असल्या होड्यांना शर्यतींत मज्जाव झाला.

## मग ६ मिलिमीटर पुरतं का

पुरतं, तीन अटींवर. पत्रा वळवलेला हवा, आधाराशिवायची जागा लहान हवी आणि कडा एकमेकींना सलग जोडलेल्या हव्यात. सपाट प्लाय हाताने दाबलं तरी लवतं; तेच कमानीत वळवून दोन्ही कडांना पकडलं की कित्येक पट ताठ होतं. त्यासाठी हलच्या आत आडव्या पडद्या बसवतात, साधारण दर मीटर-सव्वा मीटरवर. पण पडदीची खरी जागा अंतराने ठरत नाही. तुळई बसते तिच्या बरोबर खाली एक आणि बाजूच्या तारेला धरणारी धातूची पट्टी येते तिथे एक पडदी लागतेच. ‘सारख्या अंतरावर छान दिसतात’ म्हणून या पडद्या सरकवणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

घरी बांधायला सगळ्यांत सोयीची रीत म्हणजे शिवून चिकटवणं. प्लायचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचे, आतल्या कोपऱ्यात इपॉक्सी या दोन भाग मिसळून वापरायच्या चिकटद्रव्याचा लगदा भरायचा आणि त्यावर काचेच्या धाग्याची पट्टी बसवायची. साचा लागत नाही. १९६२ साली आलेल्या मिरर या छोट्या होडीने ही रीत घरोघर पोहोचवली.

या मापाला ६ मिलिमीटरचे, २४४० गुणिले १२२० मापाचे, आठ ते दहा पत्रे लागतात. ओकूमे लाकडाचं बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाचं मरिन प्लाय घेतलं तर एक पत्रा सुमारे ९ किलो भरतो. स्वस्त प्लायमध्ये बाहेरचा थर चांगला आणि आतल्या थरांत फटी असतात. त्या फटीत एकदा पाणी शिरलं की प्लाय आतून कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. काटकसर करायचीच तर रंगात आणि कप्प्यांत करावी, प्लायमध्ये नको.

पत्रा अडीच मीटरचाही नाही आणि हल पाच मीटरचा, म्हणून सांधा आला. तिरका सांधा आठास एक उताराचा करतात: ६ मिलिमीटर जाडीला ४८ मिलिमीटर लांबीचा उतार. दोन पत्रे एकावर एक, ४८ मिलिमीटर मागे-पुढे ठेवून दोन्ही कडांवर एकदमच रंधा फिरवायचा. प्लायच्या थरांच्या रेषा सरळ पट्ट्यांसारख्या दिसल्या की उतार एकसारखा आलाय. जोडताना आधी नुसतं पातळ इपॉक्सी लावून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, मग घट्ट केलेलं लावायचं. उघडी पडलेली कड सगळं शोषून घेते. हा पहिला हात चुकवला तर सांधा कोरडा राहतो. शिकंजाही फार आवळायचा नाही, नाहीतर चिकटायला हवा तो मालच बाहेर येतो.

शिवणीची भोकं कडेपासून ८ ते १० मिलिमीटर आत, १०० ते १५० मिलिमीटर अंतराने. सगळं शिवून झालं की पुढे जाण्याची घाई होते, आणि हल पिळला जातो तो नेमका इथे. हलवर पुढे, मध्ये आणि मागे तीन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा, मागून एका डोळ्याने बघा. तिन्ही समांतर दिसायला हव्यात. नसतील तर खाली पाचर घाला, तारा सैल करा, पुन्हा आवळा. यात अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल. कोपऱ्यात लगदा भरून वाळला की पीळ कायमचा झाला, मग रंधाही काही करू शकत नाही. दोन्ही हल एकाच कडेने तंतोतंत सारखे पिळले तरी होडी एकीकडे ओढते.

कोपऱ्यातल्या गोल भरावाला फिलेट म्हणतात. ६ मिलिमीटर प्लायला त्याची गोलाई २० ते २५ मिलिमीटर पुरे, आणि त्यावर ७५ मिलिमीटर रुंद काचपट्टी. भराव ओला असतानाच पट्टी टाकली तर वेगळं घासावं लागत नाही. लगद्यासाठी लाकडाचं बारीक पीठ आणि थोडी सिलिका वापरा. पोकळ काचमण्यांची हलकी पूड घासायला सोपी जाते म्हणून मोह होतो, पण ती पृष्ठभाग गुळगुळीत करायला आहे; भार घेणाऱ्या कोपऱ्यात तिला जागा नाही.

## इपॉक्सी

एवढ्या होडीला, बाहेरून काचकापड चढवायचं तर, १५ ते २० किलो इपॉक्सी धरा. त्याचं राळ आणि हार्डनरचं प्रमाण उत्पादकाने दिलेलं असतं, दोनास एक किंवा पाचास एक, आणि ते काट्यावर किंवा पंपाने मोजायचं. लवकर वाळावं म्हणून जास्त हार्डनर घालणारे पुष्कळ भेटतात. पॉलिएस्टर राळेत ती युक्ती काही अंशी चालते. इपॉक्सीत प्रत्येक रेणूला जोडीदार लागतो, म्हणून जास्तीचा हार्डनर तसाच पडून राहतो आणि थर कायमचा चिकट, मऊ राहतो. वेग बदलायचा तर वेगळा हार्डनर घ्या किंवा खोली गरम करा. पॉलिएस्टर स्वस्त आहे, पण लाकडावर त्याची पकड टिकत नाही.

भांड्यात खोल साठवून ठेवलेलं मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि काही मिनिटांत दगड होतं. पसरट ताटलीत ओतलं की तोच माल दुप्पट वेळ पुरतो. कोऱ्या लाकडावर पहिला हात दुपारनंतर, तापमान उतरत असताना द्यावा. सकाळी दिला तर लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि थरभर बुडबुडे राहतात.

वाळलेल्या थरावर कधी कधी मेणासारखा तवंग येतो. तो पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुऊन मगच घासायचा. आधी घासला तर कागद बुजतो आणि तवंग पृष्ठभागात दाबला जातो, वरचा रंग पुढे सालीसारखा निघतो. आतून तीन हात, कापलेल्या प्रत्येक कडेला त्याहून जास्त. बाहेर रंग हवाच, कारण उन्हात इपॉक्सी खराब होतं.

हातमोजे आणि घासताना मास्क यांत सूट नाही. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू साठत येते, आणि एकदा आली की सहसा जात नाही. हाताला लागलेलं थिनरने पुसू नये, तो ते कातडीत आणखी आत नेतो.

## तुळया: बोल्ट की दोरी

आता जिथे होड्या मोडतात तिथे आलो. डोलकाठी पुढच्या तुळईच्या मधोमध उभी असते. वाऱ्याकडची तार ४८४ किलो-मीटर पेलते तेव्हा तिच्या पट्टीवर, १.१ मीटरवर, ४४० किलोची ओढ असते. तेवढाच दाब डोलकाठी खाली देते. पुढची तार आणि शीड ओढणारी दोरी त्यात भर घालतात. सगळं मिळून ७०० किलो धरायला हरकत नाही. म्हणजे दोन हलवर टेकलेल्या नळीच्या मधोमध ७०० किलो.

७५ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची ६०६१-टी६ ॲल्युमिनियमची नळी सुमारे १.९ मीटरच्या गाळ्यावर या भाराला कायमची वाकण्याच्या सीमेवर पोहोचते. १०० मिलिमीटरच्या, तेवढ्याच जाडीच्या नळीत ताण जवळपास निम्मा होतो आणि वजन तुळईमागे दीड-दोन किलोच वाढतं. दुसरा उपाय म्हणजे तुळईखाली मध्यभागी बोटभर-वीतभर उंचीचा खांब आणि त्याच्या तळावरून दोन्ही टोकांना ताणलेली स्टीलची सळई. याला डॉल्फिन स्ट्रायकर म्हणतात. डोलकाठी खाली दाबते, सळई ताणली जाते, नळीचं वाकणं थांबतं. मागच्या तुळईला हा लागत नाही, कारण तिला मुख्य शिडाची दोरी वर ओढते.

तुळई हलला जोडण्याच्या दोन रीती आहेत. बोल्ट लावायचे तर नळीच्या आत आधाराची नळकांडी हवी, नाहीतर आवळताना नळी चेपते. डेकखाली, म्हणजे हलच्या वरच्या पृष्ठभागाखाली, भरीव लाकडाचा ठोकळा आणि रुंद वॉशर हवेत. भोक आधी मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने भरायचं, वाळल्यावर त्यात बोल्टचं भोक पाडायचं. मग गळती झाली तरी पाण्याला लाकूड सापडत नाही.

दुसरी रीत दोरीच्या वेढ्यांची. पॉलिनेशियातल्या जोडहोड्या अशाच बांधत. जेम्स व्हारम यांनी १९५०च्या दशकात स्वतः बांधलेल्या टांगारोआमधून अटलांटिक पार केला आणि पुढे प्लायच्या, वेढ्यांनी बांधलेल्या होड्यांचे आराखडे जगभर पोहोचवले. ‘दोरीवर कसला भरवसा?’ ही शंका स्वाभाविक आहे. पण ६ मिलिमीटरच्या कमी ताणणाऱ्या पॉलिएस्टर दोरीचे पाच-सहा वेढे घेतले की दहा-बारा दोर एकत्र भार घेतात, आणि एक तुटला तर दिसतो. बोल्टखालची भेग दिसत नाही. दोन्ही हल लाटेवर वेगवेगळे वर-खाली होतात. दोरी तेवढं किंचित हलू देते आणि भार एका कोपऱ्यात साठत नाही. वेढे घेऊन झाल्यावर त्यांच्या कमरेभोवती आडवे वेढे घालून आवळायचे. खरा ताण या आडव्या वेढ्यांतून येतो. दोरी जिथे वळते ती प्रत्येक कड गोल हवी आणि नळीखाली तिच्या गोलाईचं लाकडी खोगीर हवं.

घरच्या बांधणीला दोरी बरी, असं आमचं मत. चुकली तर सोडून पुन्हा बांधता येते. टाळायची ती मधली अवस्था: सैल झालेले बोल्ट. ते दर लाटेला थोडं ठोकतात, भोक लांबट होतं, आणखी ठोकतात.

बांधताना चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर हल तिरके आहेत. दोन्हींची पुढची टोकं एकाच उंचीवर आहेत ना, तेही बघा.

## डोलकाठी आणि तीन तारा

सहा-सात मीटरच्या डोलकाठीला तीनच तारा पुरतात: दोन बाजूच्या, एक पुढची. बाजूच्या तारांच्या पट्ट्या डोलकाठीच्या थोड्या मागे लावल्या की मागची तार वेगळी लागत नाही. पुढची तार खाली दुभंगून दोन्ही हलच्या टोकांना जाते.

४४० किलोच्या ओढीला अडीच पट सुरक्षितता धरली तर ११०० किलो लागतात. १×१९ विणीची ३ मिलिमीटर स्टेनलेस तार सुमारे ७०० किलोला तुटते, ४ मिलिमीटरची सुमारे १२८० ला. म्हणून ४. किरकोळ फरक म्हणून ३ ची तार घेणारे इथेच फसतात. एका हलच्या, याच लांबीच्या होडीवर ती चालून जाते, कारण ती होडी कलून सुटते. तारेइतकीच तिला धरणारी पट्टी, शॅकल (जोडणारी कडी) आणि पिनही ताकदीची हवी. पट्टी पडदीला बोल्टने बसवा, नुसती बाजूच्या प्लायला नको. स्टेनलेस पट्टी लाकडात बंद ठेवली तर हवेअभावी आतून खाल्ली जाते, म्हणून ती बाहेरच्या अंगाला, दिसेल अशी लावावी. ॲल्युमिनियमला स्टेनलेस स्क्रू लावताना मध्ये विद्युतरोधक पेस्ट लावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. टर्नबकलमध्ये, म्हणजे तार आवळायच्या फिरकीत, स्प्लिट पिन घालून त्यावर टेप गुंडाळा. बऱ्याच डोलकाठ्या पडतात त्या निसटलेल्या पिनमुळे, तुटलेल्या तारेमुळे नाही.

डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघा. ॲल्युमिनियमची सात मीटरची काठी घेऊन किनाऱ्यावर चालणं, हे या सगळ्या छंदातलं जिवावर बेतणारं काम आहे.

शिडाबद्दल थोडक्यात: जुन्या किनारी कॅटामरानचं वापरलेलं शीड मिळालं तर उत्तम, पण त्याचं क्षेत्रफळ मोजा आणि वरचा हिशेब पुन्हा करा. ठेंगणं, रुंद शीड त्याच जोराला कमी उलटवतं. आडवं घसरू नये म्हणून हलमधून खाली सरकवायची फळी किंवा खोल इंग्रजी व्हीसारखा तळ लागतो. सुकाणू दोन, आपटल्यावर वर उचलले जाणारे, एकाच दांड्याने जोडलेले.

## उलटली तर

उलटते. आणि पूर्ण पालथी झाली की तशीच स्थिर राहते, हा कॅटामरानवरचा सर्वांत खरा आक्षेप आहे. उपाय आडवी असतानाच करावा लागतो. डोलकाठीची सगळी भोकं बंद करून ती हवाबंद ठेवली तर ७० मिलिमीटर व्यासाच्या, सात मीटरच्या काठीत पंचवीसेक लिटर हवा राहते आणि ती टोक बुडू देत नाही. वरच्या हलवरून दोरी टाकून, खालच्या हलवर उभं राहून मागे रेलायचं, शिडाचे दोर आधी सोडून. डोलकाठी, बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) आणि शिडाचं २५ किलो वजन तीन मीटरवर धरलं तर ७५ किलो-मीटर उचलायचे, शिवाय भिजलेलं शीड. ७० किलोचा माणूस रेलून साधारण तेवढंच देतो. दोघांना जमतं, एकट्याला काठावर. सराव शांत पाण्यात, सोबतीला दुसरी होडी ठेवून करावा.

जोरात जाताना पलीकडच्या हलचं नाक पाण्यात घुसून होडी पुढे कोलांटी खाते, तेही घडतं. यासाठी हल फार बारीक करू नयेत: एकूण ३०० किलोच्या होडीला प्रत्येक हल ४५० ते ६०० लिटरचा हवा. नाक बुडताना दिसलं की मागे सरका आणि शिडाचा दोर सोडा.

## पहिल्या खेपा

दहा नॉटखालच्या वाऱ्यात, किनाऱ्याजवळ. वळताना होडी वाऱ्याच्या तोंडावर अडकली तर घाबरू नका. हलक्या आणि लांब दोन हलना फिरवण्याइतका वेग उरत नाही म्हणून असं होतं. सुकाणू उलटा धरून मागे जाऊ द्या, ती फिरेल. पहिल्या दोन-तीन खेपांत नवी दोरी ताणते, म्हणून प्रत्येक वेळी वेढे पुन्हा आवळा. तुळईच्या खोगिराभोवती रंगात केसासारखी भेग दिसली तर रंग खरवडून खाली लाकूड शाबूत आहे का ते बघा.

हलमध्ये पाणी सापडलं तर शिवणीवर संशय नंतर घ्या. ते बहुधा झाकणाच्या रबरातून किंवा एखाद्या न भरलेल्या स्क्रूच्या भोकातून आलेलं असतं. कधी कधी कारण हवाच असते: उन्हात तापलेला बंद हल गार पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि बारीकशा छिद्रातून पाणी आत ओढते. डेकजवळ, पाणी सहज पोहोचणार नाही अशा जागी, २ ते ३ मिलिमीटरचं भोक ठेवलं आणि किनाऱ्यावर झाकणं उघडी ठेवली की ते थांबतं.